नव्या सायकलचा डिस्क ब्रेक ओरडतो? तेलाची बाटली आधी बाजूला ठेवा

संपादक महोदय,

नवी सायकल घेतलेल्यांची पहिल्या काही दिवसांतली तक्रार बहुतेक वेळा एकच असते. डिस्क ब्रेक दाबला की कर्कश ओरडतो, नाहीतर न दाबताच चाकाबरोबर खस्स-खस्स करत राहतो. दोन्हींवर उपाय आहेत आणि त्यांतले बरेचसे घरच्या घरी करता येतात. पण त्याआधी वाचकांना एक कळकळीची विनंती: आवाज बंद करण्यासाठी ब्रेकवर तेल, ग्रीस किंवा कसलाही स्प्रे मारू नका. नव्या ब्रेकची जेवढी नासाडी या एका गोष्टीने होते, तेवढी दुसऱ्या कशानेही होत नाही.

साखळी वाजली की तेल, बिजागरी कुरकुरली की तेल, ही सवय त्या त्या जागी बरोबरच आहे. तिथे घर्षण कमी करायचे असते. ब्रेकचे मात्र सगळे कामच घर्षणावर चालते. चाकाबरोबर फिरणारी पोलादी चकती म्हणजे डिस्क, आणि तिला दोन्ही बाजूंनी दाबणारे तुकडे म्हणजे पॅड. पॅडचा पृष्ठभाग सच्छिद्र असतो. तेल त्यात मुरते आणि ब्रेक तापला की पुन्हा वर येत राहते. मग सायकल थांबेनाशी होते, आणि ज्या आवाजासाठी हा खटाटोप केला तो उलट वाढतो. मुद्दाम तेल घालायलाच हवे असेही नाही. साखळीवर मारलेल्या स्प्रेचा उडालेला फवारा पुरतो. मागची डिस्क साखळीच्या पलीकडच्या बाजूला असली तरी स्पोकमधून फवारा तिच्यापर्यंत सहज जातो. म्हणून साखळीला तेल बाटलीने थेंबाथेंबाने द्यावे, आणि स्प्रेच वापरायचा असेल तर डिस्क व कॅलिपर (पॅड धरून ठेवणारा भाग) कापडाने झाकून घ्यावेत. डिस्कला उघड्या बोटांनी हात लावण्याचीही गरज नसते. बोटांचा स्निग्धपणा तिच्यावर उतरतो.

आता आवाजाकडे वळू. पाना हातात घेण्याआधी एक गोष्ट ठरवायची: आवाज ब्रेक दाबल्यावर येतो की न दाबता? न दाबता येत असेल तर काहीतरी वाकडे बसले आहे. चाक, कॅलिपर किंवा डिस्क यांपैकी एक जागेवर नाही. दाबल्यावरच येत असेल तर दोष पॅड आणि डिस्कच्या पृष्ठभागात असतो, किंवा कुठेतरी बोल्ट सैल असतो. हे न ठरवता कॅलिपर सैल-घट्ट करत बसणारे पुष्कळ असतात. त्यात तास जातो आणि आवाज तिथेच राहतो.

न दाबता येणाऱ्या आवाजात सर्वांत आधी चाक तपासावे. सायकल जमिनीवर दोन्ही चाकांवर उभी करा, चाक धरून ठेवणारा दांडा, म्हणजे थ्रू अ‍ॅक्सल किंवा क्विक रिलीज सैल करा, हँडल किंवा सीटवर थोडा भार देऊन अ‍ॅक्सल खाचेत नीट बसू द्या आणि पुन्हा आवळा. खोक्यातून आलेल्या सायकलचे पुढचे चाक घाईत बसवलेले असते. ते एक मिलिमीटर जरी तिरके असेल तरी डिस्क पॅडला टेकते, कारण पॅड आणि डिस्क यांच्यातले अंतर प्रत्येक बाजूला मिलिमीटरच्या काही दशांशाएवढेच असते. चाक तिरके असताना कॅलिपर जुळवला तर पुढे पंक्चर काढून चाक परत बसवले की आवाज पुन्हा हजर होतो. म्हणून हा क्रम चुकवू नये.

चाक नीट बसल्यावर ते उचलून फिरवा आणि ऐका. घासण्याचा आवाज सलग येत असेल तर कॅलिपर एका बाजूला सरकला आहे. चाकाच्या प्रत्येक फेरीत एकदाच येत असेल तर डिस्क त्या ठिकाणी वाकली आहे.

हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचा कॅलिपर मध्यावर आणणे सोपे आहे. त्याला फ्रेमशी किंवा फोर्कशी (पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याशी) धरणारे दोन बोल्ट बहुधा ५ मिमी अ‍ॅलन कीचे असतात. दोन्ही साधारण अर्धा ते एक आटा सैल करा, म्हणजे कॅलिपर हाताने डावीउजवीकडे हलेल. आता ब्रेकचा लिव्हर घट्ट दाबून धरा. पॅड डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडतात आणि कॅलिपर आपोआप तिच्याभोवती मध्यावर येतो. लिव्हर न सोडता दोन्ही बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळा. एकच बोल्ट एकदम पूर्ण आवळला तर शेवटच्या पाव आट्यात कॅलिपर बोल्टबरोबर फिरतो आणि सगळी मेहनत वाया जाते. शिमानो कंपनीच्या कॅलिपरसाठी बोल्ट आवळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, ६ ते ८ न्यूटन-मीटर दिलेला आहे. हा जोर मोजणारा टॉर्क पाना नसेल तर अंदाजासाठी असे समजा, की १० सेंमी लांबीच्या चावीच्या टोकाला सुमारे ७ किलो वजनाइतका जोर. त्याहून जास्त लावू नका. अ‍ॅल्युमिनियममधले आटे गेले की ती दुरुस्ती मोठी असते.

एवढे करूनही थोडे घासत असेल तर कॅलिपरमागे पांढरा कागद धरा आणि समोरून टॉर्च मारा. डिस्कच्या दोन्ही बाजूंना उजेडाची बारीक रेघ दिसली पाहिजे. बोल्ट किंचित सैल करून, ज्या बाजूला रेघ नाही तिकडे कॅलिपर बोटाने केसभर ढकलायचा. डोळ्यांनी केलेले हे काम लिव्हर दाबून केलेल्यापेक्षा अनेकदा सरस ठरते, विशेषतः पॅड ढकलणाऱ्या दोन दट्ट्यांपैकी, म्हणजे पिस्टनपैकी, एक दुसऱ्यापेक्षा आळशी असेल तेव्हा.

वायरवर चालणाऱ्या साध्या मेकॅनिकल ब्रेकला मात्र ही युक्ती जशीच्या तशी लावू नये. अशा बहुतेक ब्रेकमध्ये बाहेरचा एकच पॅड हलतो. आतला, म्हणजे स्पोककडचा पॅड स्थिर असतो. लिव्हर दाबला की हलणारा पॅड डिस्कला किंचित वाकवून स्थिर पॅडवर नेऊन टेकवतो. त्यामुळे इथे डिस्क बरोबर मध्यावर नको, स्थिर पॅडच्या अगदी जवळ हवी. कॅलिपरचे बोल्ट सैल करून स्थिर पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये एक व्हिजिटिंग कार्ड सरकवा, लिव्हर दाबून धरा, बोल्ट आवळा आणि कार्ड काढून घ्या. हे कार्ड अगदी स्वच्छ हवे. पुढे पॅड झिजले की आधी स्थिर पॅडचा स्क्रू फिरवून तो जवळ आणायचा आणि मगच वायरचा ताण पाहायचा. बरेच जण नुसता ताण वाढवत नेतात. मग कॅलिपरचा हात ब्रेक दाबण्याआधीच अर्धा फिरलेला राहतो, जोर कमी पडतो आणि डिस्क गरजेपेक्षा जास्त वाकत राहते.

काही नव्या सायकलींचा कॅलिपर कितीही जुळवला तरी आवळताच तिरका होतो. त्याचे कारण बहुधा रंग असते. फ्रेमवर ज्या दोन जागी कॅलिपर बसतो त्या जागांवर रंगाचा जाड किंवा असमान थर राहिलेला असतो, आणि कॅलिपर डिस्कला समांतर बसतच नाही. या जागा खास कटरने सपाट करून घ्याव्या लागतात. हे काम ज्याच्याकडे ते अवजार आहे त्यानेच करावे. घरी कानशीने घासले तर तिरकेपणा वाढतो. सायकल नवी असेल तर हे काम विक्रेत्याकडून करून मागण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे.

डिस्क वाकलेली असेल तर आधी तिचे बोल्ट बघा. सहा बोल्टच्या डिस्कमध्ये एक-दोन सैल राहिले तरी ती डुलते आणि वाकल्यासारखी वाटते. हे बोल्ट बहुतेक ठिकाणी टी-२५ टॉर्क्सचे, म्हणजे ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचे, असतात आणि ते समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे असतात. जोर किती, हे मात्र कंपनीप्रमाणे बदलते. शिमानो २ ते ४ न्यूटन-मीटर सांगते, स्रॅम ६.२. म्हणून अंदाजाने न जाता त्या डिस्कसाठी दिलेला आकडा पाहावा. मध्ये एकच मोठी रिंग असलेल्या सेंटरलॉक डिस्कला ४० न्यूटन-मीटर लागतात. तेवढा जोर छोट्या पान्याने बसत नाही, आणि रिंग सैल राहिली की ब्रेक लावताना व सोडताना 'टक' असा आवाज येतो. बोल्ट ठीक असूनही डिस्क एका जागी घासत असेल तर चाक हळू फिरवून ती जागा शोधा आणि डिस्कच्या आतल्या दांड्यावर खूण करा, पॅड फिरतात त्या पट्ट्यावर नको. अल्कोहोलने पुसलेल्या छोट्या अ‍ॅडजस्टेबल पान्यात, किंवा याच कामासाठी मिळणाऱ्या खाचेच्या पट्टीत, डिस्कची कड पकडून उलट दिशेला अगदी हलका दाब द्या. पुन्हा फिरवून पाहा, पुन्हा थोडा दाब. एका झटक्यात सरळ करू गेलात तर डिस्क दुसरीकडे वाकते. डिस्क गरम असताना हे काम करू नये. हात भाजतो आणि थंड झाल्यावर तिचा आकार वेगळाच निघतो. पाव मिलिमीटरच्या आसपासचा डोल पॅडला लागत नसेल तर तसाच राहू द्यावा.

ब्रेक दाबल्यावर येणाऱ्या किंकाळीचे कारण वेगळे आहे. पॅड डिस्कला क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. हे सेकंदाला शेकडो-हजारो वेळा घडते. पोलादाची पातळ डिस्क त्याने घंटेसारखी कंप पावते, आणि स्पोक, हब (चाकाचा मधला भाग) व फोर्क तो आवाज मोठा करतात. पकड सर्व ठिकाणी सारखी असली की हे कंपन कमी होते. नव्या ब्रेकमध्ये पकड सारखी नसते, कारण त्याची डिस्क कोरी असते. ब्रेक व्यवस्थित चालण्यासाठी पॅडच्या पदार्थाचा एक अतिशय पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढावा लागतो. तो चढवणे म्हणजेच ब्रेक रुळवणे. नव्या सायकलींच्या निम्म्याहून अधिक तक्रारींच्या मुळाशी हीच राहून गेलेली पायरी असते, असे आमचे ठाम मत आहे.

ब्रेक रुळवण्याआधी डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ते ९० टक्के किंवा त्याहून शुद्ध असावे आणि कापड धुतलेले, पण फॅब्रिक कंडिशनर न लावलेले असावे. कापड काळे निघणे थांबेपर्यंत बाजू बदलत पुसा. मग वर्दळ नसलेला, सपाट, कोरडा रस्ता गाठा. ताशी सुमारे २० किमी वेग घ्या आणि एकच ब्रेक, समजा पुढचा, सावकाश आणि सारख्या जोराने दाबत चालण्याच्या वेगापर्यंत या. तिथे ब्रेक सोडा आणि पुन्हा वेग घ्या. असे २० वेळा करा. मग ताशी २५ ते ३० किमीवरून जरा जास्त जोराने १० वेळा. नंतर मागच्या ब्रेकसाठी हेच सगळे पुन्हा. मागे भार कमी असल्याने चाक लवकर घसरते, म्हणून तिथे जोर बेताचा ठेवा. पुढचा ब्रेक दाबताना वजन सीटच्या मागे न्या आणि कोपर सैल ठेवा.

यात दोन पथ्ये आहेत. चाक जाम होऊ द्यायचे नाही आणि सायकल पूर्ण थांबवायची नाही. तापलेला पॅड डिस्कच्या एकाच जागी दाबून धरला तर तिथे पदार्थाचा जाड ठिपका उमटतो. मग प्रत्येक फेरीत त्या ठिपक्यावर ब्रेक धक्का देतो आणि घुरघुरतो. पहिल्या पाच-सहा वेळांत ब्रेक लागतच नाही असे वाटेल, आवाजही वाढल्यासारखा वाटेल. तिथे सोडून देऊ नका. दहा-बारा वेळांनंतर पकड वाढत असल्याचे लिव्हरवरच्या बोटाला कळते, आणि काम पूर्ण झाले की डिस्कवरचा पट्टा चकचकीत न राहता सर्वत्र सारखा करडा दिसतो. लगेच डिस्कला हात लावू नका, ती चांगलीच तापलेली असते. लांब उतारावर सतत ब्रेक धरून रुळवण्याचा आडमार्गही नको. त्याने पॅडवर काचेसारखी चकाकी येते आणि तो ओरडायला लागतो.

रुळवूनही आवाज तसाच असेल, आणि विशेष म्हणजे पकडही कमी असेल, तर पॅडला तेलकटपणा लागला आहे असे समजा. चाक काढा, पॅड धरणारी पिन किंवा स्क्रू काढा आणि पॅड व त्यांमधली स्प्रिंग एकत्र बाहेर घ्या. कोणता पॅड कोणत्या बाजूचा याची पाठीवर खूण करा. चाक बाहेर असताना हायड्रॉलिक ब्रेकचा लिव्हर चुकून दाबला गेला तरी पिस्टन बाहेर येऊ नयेत म्हणून त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा ठोकळा ठेवा. असा ठोकळा अनेक सायकलींबरोबर खोक्यात आलेलाच असतो, तो फेकू नये. पॅडवर नुसती चकाकी असेल तर काचेच्या किंवा फरशीच्या सपाट तुकड्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर पसरून पॅड त्यावर गोल गोल फिरवा, चकाकी जाऊन सगळा पृष्ठभाग एकसारखा मंद दिसेपर्यंत. तोंडावर मास्क असू द्या आणि भुकटी फुंकून उडवू नका, ओल्या कापडाने टिपा. डिस्कवरही बारीक पॉलिश पेपर हलका फिरवून ती पुन्हा अल्कोहोलने पुसा आणि ब्रेक पहिल्यापासून रुळवा. तेल खोलवर मुरलेले असेल तर यातले काहीच टिकत नाही. दोन दिवसांत आवाज परततो. असे पॅड गॅसवर भाजून काढण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मानू नये. भाजल्याने पॅडचा पदार्थ पाठीच्या पत्र्यापासून सुटू शकतो आणि ते कळते ब्रेक लावताना. नवे पॅड घालणे हाच इथे मार्ग आहे. मात्र तेलकट डिस्क स्वच्छ केल्याशिवाय नवे पॅड घातले तर तेही पहिल्याच दिवशी बाद होतात. पॅडमध्ये पुन्हा पुन्हा तेल येत असेल तर कॅलिपरच्या पिस्टनमधून ब्रेकचे तेल झिरपते आहे का, ते पाहायला हवे.

नवे पॅड घेताना डिस्कवरची अक्षरे वाचावीत. काही डिस्कवर फक्त रेझिन (राळेने बांधलेल्या पदार्थाचे) पॅड वापरा असे कोरलेले असते. अशा डिस्कवर धातूमिश्रित, म्हणजे सिंटर्ड पॅड लावले तर ती लवकर झिजते. रेझिन पॅड शांत असतात पण पावसाचिखलात भराभर झिजतात. सिंटर्ड जास्त टिकतात आणि थोडे जास्त ओरडतात. ज्यांना आवाजाचा त्रास आहे त्यांनी रेझिनच घ्यावेत. डिस्कवर तिची किमान जाडीही कोरलेली असते. शिमानोची नवी डिस्क १.८ मिमी असते आणि १.५ मिमीला ती बदलायची असते.

किंकाळीऐवजी जाड घुरघुर येत असेल आणि हँडलही थरथरत असेल तर सैल काय आहे ते शोधा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा. खटखट झाली तर हेडसेट (हँडलखालचे, फोर्क ज्यावर फिरतो ते बेअरिंग), हब किंवा कॅलिपरचे बोल्ट यांपैकी काहीतरी सैल आहे. स्पोकचा ताणही दोन-दोन एकत्र दाबून पाहावा. बारीक, नियमित टिकटिक येत असेल तर पॅडमधल्या स्प्रिंगचे टोक डिस्कला टेकते का, ते टॉर्चने बघा. पॅड बसवताना ते बऱ्याचदा दुमडते. रिम ब्रेकची सवय असलेले काही जण पॅड पुढच्या टोकाला किंचित तिरका करू पाहतात. डिस्क ब्रेकमध्ये तसे करण्याची सोय नाही आणि गरजही नाही.

पावसात किंवा धुतल्यानंतर डिस्क ब्रेक ओरडतो, हा दोष नाही. चार-पाच वेळा हलका ब्रेक लावला की पाणी उडून आवाज थांबतो.

मात्र लिव्हर हँडलच्या दांड्याला टेकत असेल, कॅलिपरभोवती ओलसर तेल दिसत असेल किंवा धातूवर धातू घासल्याचा आवाज येत असेल, तर घरचे प्रयोग थांबवून सायकल मेकॅनिककडे द्यावी आणि तोवर ती चालवू नये. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये तेल भरताना लिव्हरवर लिहिलेलेच वापरायचे असते. मिनरल ऑइलच्या जागी डॉट फ्लुइड, किंवा उलट, घातले तर आतली रबरी सीलच खराब होतात.

शेवटी विक्रेत्यांसाठी आणि कंपन्यांसाठी. सायकलच्या सुरक्षिततेच्या आयएसओ ४२१० या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चौथ्या भागात ब्रेकच्या चाचण्या दिल्या आहेत, आणि ब्रेकची ताकद मोजण्याआधी तो रुळवून घ्यावा असे त्यातच सांगितले आहे. प्रयोगशाळेत ज्या पायरीशिवाय ब्रेक तपासलाही जात नाही, ती पायरी वगळून तीच सायकल शाळकरी मुलाच्या हातात दिली जाते. दोन्ही ब्रेक रुळवायला फार तर अर्धा तास लागतो. विक्रेत्यांनी सायकल ताब्यात देण्याआधी तो द्यावा. ते शक्य नसेल तर 'ब्रेक अजून रुळवलेले नाहीत' असे लिहिलेली आणि वर दिलेली कृती छापलेली चिठ्ठी मराठीत हँडलला बांधावी. ग्राहकांनीही पैसे देताना ब्रेक रुळवला आहे का, हे विचारावे, आणि उत्तर होकारार्थी आले तर डिस्कवरचा पट्टा करडा झाला आहे का ते तिथेच पाहून घ्यावे.

आपले,
सायकल दुरुस्तीच्या कामातले काही कारागीर